शेऱ्याचा रकाना

ऑक्टोबर लागला की आमच्या घरची पुस्तकं गच्चीवर जातात. बाकीच्यांच्या गाद्या जातात, गोधड्या जातात. आमच्याकडून ड्रॅगन, अंतराळयानं आणि यंत्रमानव वर जातात आणि चटईवर ऊन खात पडतात. जुईनगरची हवा खाडीची. पावसाचे चार महिने भिंतींना ओल येते, पण भिंतींच्याही आधी ती पुस्तकांना येते, आणि त्यातही का कोण जाणे, जाड पुस्तकांना आधी. मग एके दिवशी कपाट उघडलं की वास येतो, ओल्या पुठ्ठ्याचा आणि थोडासा डांबरगोळीचा. पाऊस संपला हे मला टीव्हीवरच्या बातम्यांतून नाही, त्या वासावरून कळतं.

पुस्तकं वाळवायची पद्धत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी घालून दिलेली. पुस्तक आडवं टाकायचं नाही. उभं करायचं, पानं मोकळी करायची आणि वरून आईची एखादी जुनी सुती साडी पसरायची. "डायरेक्ट हीट नाय द्यायची, बाय. पान कडक होतं." दर तासाने बाजू बदलायची. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा वर येऊन हे सगळं बघितलं आणि विचारलं, "मॅडम, वाचून झालेली पुस्तकं वाळवायची कशाला?" मी त्यांना साडीचं दुसरं टोक धरायला लावलं.

यंदाही पुस्तकं वर नेली. शेजारी टाकीच्या भिंतीला टेकून माझी वही घेऊन बसले. या वहीत मी गेली अकरा वर्षं दर महिन्याला काय वाचलं ते लिहिते. फक्त फॅन्टसी आणि विज्ञानकथा, दुसरं काही नाही. पुस्तकाचं नाव, पानं, किती दिवसांत संपलं आणि माझं मत. मत द्यायची मला भारी हौस. मी महाप्याला एका ऑफिसात विम्याचे क्लेम तपासते. दिवसभर खऱ्या माणसांचे खरे अपघात वाचायचे, त्यातलं खोटं शोधून काढायचं. संध्याकाळी घरी आल्यावर मग मला सरळसरळ खोटं लागतं, आणि तेही निदान सहाशे पानांचं. माझी मावसबहीण अजून विचारते, "तू त्या परीकथा सोडल्यास की नाही?" मी म्हणते, सोडते की, जरा हा तिसरा खंड होऊ दे.

पण यंदाही वही उघडून बसले आणि पेन चालेना. तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरपासून हे असंच आहे. पुस्तकाचं नाव लिहिते, पानं लिहिते, आणि मताच्या जागी आलं की डोकं फिरतं. वाचलं म्हणजे नक्की काय झालं, हेच मला कळेनासं झालंय.

त्या ऑक्टोबरविषयी सांगायचं तर अण्णांच्या वाचनापासून सुरुवात करायला हवी. अण्णा महाडकडचे. तरुणपणी मुंबईला आले आणि पुढे पस्तीस वर्षं इथल्या एका केमिकल कंपनीत बॉयलर अटेंडंट होते. कंपनी कधीच बंद झाली, आता तिथे काचेची बिल्डिंग आहे. बॉयलरवाल्याचं काम म्हणजे काट्यावर नजर. वाफेचं प्रेशर किती, काचेत पाणी किती, हे दर तासाला लॉगबुकात लिहायचं, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. पाळी संपली की लगेच घरी जायचं नाही. पुढच्या पाळीचा माणूस येणार, काटा बघणार, पाणी बघणार आणि लॉगबुकात 'चार्ज घेतला' असं लिहून सही करणार. मग जायचं. तोपर्यंत घरी काहीही पेटलेलं असो. अण्णांच्या नंतरच्या पाळीला पवार नावाचे गृहस्थ होते. एकदा माझ्या वाढदिवसाला पवार आलेच नाहीत. अण्णा सलग दोन पाळ्या थांबले. शेवटी आईने डबा भरला आणि मी दहा वर्षांची, नवा फ्रॉक घालून, शेजारच्या काकांच्या स्कूटरवरून कंपनीच्या गेटवर डबा द्यायला गेले. अण्णा गेटवर आले, डबा घेतला, माझ्या फ्रॉककडे बघितलं आणि म्हणाले, "गरम हाय ना अजून?" तेवढंच. परत धावत आत गेले. मला तेव्हा भयंकर राग आला होता.

आई गेल्यावर अण्णा वाचायला लागले. त्याआधी त्यांनी वर्तमानपत्र सोडून काही वाचलेलं मला आठवत नाही. टीव्हीला कंटाळले होते, माझ्याशी बोलून बोलून काय बोलणार, आणि घरात दुसरं होतंच काय. एके दुपारी त्यांनी टीपॉयवरचा तीन खंडांतला दुसरा खंड उचलला. पहिला खंड वाचायला हवा वगैरे विचारच नाही. आठवडाभराने मी विचारलं, "कसं वाटलं?" तर त्यांनी माझी वही ओढून घेतली, पट्टीने शेवटी एक रकाना आखला, वर 'शेरा' लिहिलं आणि खाली लिहिलं: *ड्रॅगनने एका फुंकरीत सात गावं जाळली. इंधन किती लागलं ते दिलेलं नाही. शेळी खाऊन एवढं प्रेशर बनत नाही.*

मी हसून हसून लोळले. पण नंतर खंड पुन्हा काढला आणि बघितलं, तर खरंच की. अख्ख्या हजार पानांत तो ड्रॅगन दोन शेळ्या आणि एक सरदार एवढंच खातो.

मग दर महिन्याला माझं मत आणि त्यापुढे अण्णांचा शेरा, असं सुरू झालं. दोनशे वर्षं प्रवास करणाऱ्या अंतराळयानाची कादंबरी मला फार आवडली होती. मी दीड पान लिहिलं, माणसाचं एकटेपण आणि काय काय. अण्णांचा शेरा: *दोनशे वर्षांत एकदाही वार्षिक तपासणी नाही. इन्स्पेक्टरने पहिल्याच वर्षी सील ठोकलं असतं.* आजारी बाईची सेवा करणारा यंत्रमानव शेवटी रुसून बसतो, त्या कथेवर: *यंत्र रुसत नाही. बंद पडतं. रुसवा लेखकाचा आहे.* मी चिडायचे. "अहो अण्णा, ते रूपक आहे." ते म्हणायचे, "असंल. पण यंत्र तसं करत नाय."

फॅन्टसी आणि विज्ञानकथा यांत फरक काय, यावर मी एकदा त्यांना तासभर लेक्चर दिलं होतं. जे होऊ शकेल ते एक, जे होऊच शकणार नाही ते दुसरं, मधले प्रकार वेगळे. त्यांनी शांतपणे ऐकलं. बडीशेप खाल्ली. मग म्हणाले, "सोपं हाय. ज्यात मेंटेनन्स दाखवलाय ते सायन्स. नाय दाखवला ती फॅन्टसी." या एका वाक्यावर मी अजून अडकलेली आहे. याहून बरी व्याख्या मला मिळालेली नाही, आणि ही बरोबर आहे असंही मनापासून म्हणवत नाही.

फोनवर आमचा वाचणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. वीसेक जण, जुईनगरपासून घणसोलीपर्यंतचे. शेवटच्या रविवारी सगळ्यांनी आपापलं महिन्याचं वाचन टाकायचं. मी माझ्या मतासोबत अण्णांचे शेरे टाकायला लागले आणि दोन-तीन महिन्यांत माझं मत वाचायचं लोकांनी बंदच केलं. सगळे थेट खाली शेऱ्यावर. घणसोली गावात मोबाइल रिपेअरिंगचं दुकान असलेला रोशन म्हात्रे आमच्यातला सगळ्यात मोठा ड्रॅगनभक्त. तो रविवारी सकाळपासून माझ्या मागे लागायचा. "ताई, अण्णांचा शेरा कुटं हाय? तुजा नंतर टाक." माझा पाणउतारा व्हायचा आणि मला बरंही वाटायचं. आई गेल्यापासून अण्णांना कुणी काही विचारत नव्हतं. आता वीस माणसं विचारत होती.

आणि मग तो ऑक्टोबर आला.

त्या वर्षी ऊन फार होतं. दुपारी गच्चीवर चप्पल काढली तर पाय भाजायचा. दसऱ्याला अण्णा बॉयलरला झेंडूचा हार घालायचे, तशी सवय म्हणून त्यांनी प्रेशर कुकरला हार घातला. मी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्याच महिन्यात शेरे बदलले. एका कादंबरीत असं गाव आहे की तिथे प्रत्येकाला वर्षातून एक तास मागे जाता येतं. अण्णांनी लिहिलं: *ही मी आधी वाचली आहे. तेव्हा शेवट वेगळा होता.* पुस्तक नवंकोरं होतं, त्याच आठवड्यात घरी आलेलं. मी काय समजले? मी समजले, वा, काय सुचलंय म्हाताऱ्याला. काळात मागे जाण्याच्या पुस्तकावर याहून नेमकं कोण बोलणार?

पुढचा शेरा: *यंत्रमानवाने ड्रॅगनचं पाणी बघायला हवं होतं. दोघं एकाच पाळीला होते.* दोन वेगळी पुस्तकं, दोन वेगळे लेखक. ग्रुपवर नुसता धुमाकूळ. रोशनने लिहिलं, "अण्णांचा डोका चालतंय, आपला नाय चालत." मी तर वर एक टिपणच लिहिलं, की अण्णा आता एकेका पुस्तकाचे राहिले नाहीत, त्यांनी पुस्तकांमधल्या भिंती पाडल्या आहेत. हे मी लिहिलेलं आहे. माझ्याच अक्षरात वहीत आहे. खोटं शोधून काढायचा मला पगार मिळतो.

त्याच दिवसांत एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला आणि वास सगळ्या घरात पसरला. अण्णा शेजारीच खुर्चीवर बसले होते. झोपायच्या आधी गॅसचा खटका दोनदा बघणारा माणूस. मी खिडक्या उघडल्या आणि म्हटलं, "काय अण्णा, शटडाऊन घेतलात वाटतं." तेही हसले. जरा उशिराने हसले. तो उशीर मला आज ऐकू येतो.

महिनाअखेरचं पुस्तक मी रद्दीवाल्याकडून आणलं होतं. समुद्राच्या तळाशी बुडालेलं शहर आणि तिथल्या दिव्याची राखण करणारा एक माणूस. जुनं, जाडजूड, पावसाळा खाऊन फुगलेलं. मला वेळ नव्हता म्हणून आधी अण्णांना दिलं. त्यांनी आजवरचा सगळ्यात मोठा शेरा लिहिला, चांगला पाऊण पानाचा. त्या राखणदाराची मुलगी रोज पाण्याखाली डबा घेऊन येते. तिचा फ्रॉक भिजत नाही. राखणदाराला दिवा सोडून जाता येत नाही, म्हणून तो तिच्याशी धड बोलत नाही, पण ती गेल्यावर डबा उघडायच्या आधी बराच वेळ हातात धरून बसतो. *डबा गरम कसा राहतो ते नीट दिलं आहे. हे पुस्तक चांगलं आहे. सायन्स.* शेवटचा शब्द दोनदा अधोरेखित.

ग्रुपवर लोक हळवे झाले. सगळ्यांना ते पुस्तक हवं होतं. मलाही वाचायची घाई झाली. मी ते गच्चीवर उन्हाला ठेवायला नेलं, पानं मोकळी करायला गेले आणि मोकळी होईनात. मधली पन्नासेक पानं ओलीने चिकटून एक वीट झाली होती. पुढची पानं पण करकरीत, एकमेकांना धरून. पहिली दहा-बारा सोडली तर ते पुस्तक कुणी कधी उघडलेलंच नव्हतं.

मी ते हातात घेऊन उन्हात उभी राहिले. डोक्यात काय काय आलं. अण्णांनी हे पुस्तक पूर्वी कुठे वाचलं असेल. दुसऱ्या प्रतीतून वाचलं असेल. कुणी तोंडी सांगितलं असेल. विज्ञानकथा वाचणाऱ्या माणसाची हीच तर गोची आहे, कसलंही स्पष्टीकरण चालतं, खरं तेवढं सोडून. मी खाली गेले, पातेल्यात पाणी उकळलं आणि वाफेवर ती पानं धरली. हेही अण्णांचंच शिकवलेलं, वाफेने सगळं सुटतं, फक्त घाई करायची नाही. दोन दुपारी गेल्या त्यात. सहा पानं फाटली, बाकीची सुटली. सगळी वाचली. त्यात पाणबुड्यांची लढाई होती, अत्यंत कंटाळवाणी. राखणदार होता, पण त्याला मुलगी नव्हती. डबा नव्हता. फ्रॉक तर नव्हताच.

अण्णा हॉलमध्ये बसले होते. मी विचारलं, "अण्णा, ती डबा आणणारी मुलगी कितव्या पानावर आहे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. प्रश्न त्यांना सोपा वाटला असावा. "गेटवर," ते म्हणाले.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. त्यांनी कधी, एकदाही, त्या दिवसाविषयी तोंडातून शब्द काढला नव्हता.

मग अण्णांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी अण्णांना वार विचारला, महिना विचारला. मग कागद दिला आणि घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं झालेलं. अण्णांनी छान गोल काढला. शून्यापासून आकडे टाकले, खाली डावीकडून सुरू करून वर चढत उजवीकडे उतरवले. एकच काटा काढला, सातावर. मग डॉक्टरांना विचारलं, "लाल पेन हाय का?" डॉक्टरांनी दिलं. त्यांनी एका आकड्यावर लाल रेघ मारली आणि कागद परत केला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांचं बरोबर होतं, ते घड्याळ नव्हतंच. पण बॉयलरचं प्रेशर गेज म्हणून, काटा जिच्यापलीकडे जाऊ द्यायचा नाही त्या लाल रेघेसकट, त्यात एक चूक काढून दाखवा. मी त्या कागदाकडे बघत राहिले आणि मला ठरवताच येईना की माझे वडील या परीक्षेत पास झालेत की नापास.

तिथपासून माझा सगळा गोंधळ आहे. कुठला शेरा अण्णांचा आणि कुठला आजाराचा? शेळीवर प्रेशर बनत नाही, हा नक्की अण्णांचा. यंत्रमानव आणि ड्रॅगन एका पाळीला, हा आजाराचा म्हणावा, तर मला तोही आवडला होता, अजून आवडतो. डब्याचा कुणाचा? ते पुस्तक 'वाचून झालं' यात धरायचं का? अण्णांनी ते वाचलं नाही, हे खरं. मी अख्खं वाचलं आणि मला त्यातलं काही आठवत नाही, हेही खरं. आणि काट्यावर नजर ठेवायची जबाबदारी घरात फक्त माझी असताना मी काटा हलताना बघितला आणि टाळ्या वाजवल्या, याचा शेरा कुठे लिहायचा?

मी ग्रुपवर वाचन टाकणं बंद केलं. कारण सांगितलं नाही. लोक विचारायचे, मी कामाचं निमित्त सांगायचे.

वर्षं गेली. अण्णा शांतच असतात, खातात, सांगितलं की झोपतात. मी ऑफिसला गेले की दिवसभर एक बाई असतात. शनिवार-रविवार मी. पण या वर्षीपासून रोज दुपारी तीनच्या सुमाराला त्यांची घालमेल सुरू होते. तीन म्हणजे पहिली पाळी सुटायची वेळ. उठतात, दाराशी जातात, परत येतात. "पवार आला का?" नाही म्हटलं तर बसवत नाही, पाणी पीत नाहीत. कधी अंधार पडेपर्यंत उभे. पाय सुजतात. मी एकदा म्हटलं, "आला पवार, बसा तुम्ही." त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. "सही कुठाय?"

गेल्या महिन्यात फोन दुरुस्तीला घेऊन रोशनच्या दुकानात गेले होते. त्याने फोन उघडता उघडता सरळ विचारलं, "ताई, अण्णा बरं हायत ना?" आणि मी तीन वर्षं कुणाला न सांगितलेलं सगळं त्या काउंटरवर सांगून टाकलं. भिंती पाडल्या वगैरे जे लिहिलं होतं तेसुद्धा. तो स्क्रू गोळा करत राहिला. मग म्हणाला, "आमचा आजा मिठागरान व्हता. शेवटला त्याला काय कलत नव्हता. रोज वरडायचा, भरती आली, बांधाची उघाडी लाव, पानी आत येल. मिठागर कवाच गेला, तिथं टॉवर उभा हाय. पन माजा बापूस उठून भायेर जायचा, पाच मिनटांनी येऊन सांगायचा, लावली उघाडी. मंग आजा जेवायचा." त्याने फोन बंद करून माझ्या हातात दिला. "खोटा सांगायचा नाय ताई. काम करून यायचा."

काल शनिवार. पुस्तकं वर नेली, अण्णांनाही वर नेलं. टाकीच्या सावलीत खुर्ची टाकली. अडीच वाजले तसे ते चुळबुळायला लागले. मग उठून उभे राहिले. उन्हात आले. "पवार आला का?"

मी वही उघडली. पट्टी नव्हती, चटईची काडी धरून रकाने आखले. वेळ, प्रेशर, पाणी, शेरा. खाली 'चार्ज दिला' आणि 'चार्ज घेतला'. वही आणि पेन त्यांच्या हातात दिलं. कितीतरी दिवसांत त्यांनी पेन धरलं नव्हतं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि समोर बघितलं. समोर चटईवर सगळी पुस्तकं आईच्या साडीखाली उभी. वाकून साडीवरून हात फिरवला. मग सावकाश, अक्षर हललं तरी रकाना न सोडता लिहिलं. तीन वाजता. सात. अर्धी काच. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: *हीट बरोबर. बाजू बदलणे.* खाली सही केली, पूर्ण, आडनावासकट. आणि वही माझ्यापुढे धरली.

पेन हातात घेऊन मला कळेना, पवार लिहू की काय लिहू. मग माझंच नाव लिहिलं. त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली.

"सुजाता कोण?"

"नवीन आहे," मी म्हटलं.

"काम जमतं?"

"शिकतेय."

"काट्यावर लक्ष असतं का तिचं?"

"एकदा नव्हतं. चुकलं तिचं."

अण्णांनी पाण्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. ऊन त्यांच्या टकलावर पडलं होतं. मग म्हणाले, "माझंपण एकदा चुकलेलं. पाणी खाली गेलेलं काचेत. पवारनं बघितलं. कुणाला बोलला नाय." वही मिटून त्यांनी माझ्या हातात दिली. "तिला सांग, बाजू बदलायची राह्यलीय."

ते टाकीच्या सावलीत जाऊन बसले. पाय लांब केले. मी पाण्याचा ग्लास दिला तो सगळा प्यायले आणि जरा वेळाने त्यांची मान कलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तीन वाजून गेले होते आणि ते झोपले होते.

मी उठले, साडी बाजूला केली आणि एकेका पुस्तकाची बाजू बदलली.